आवाजाचा धनी

रात्री दारावर थाप पडते. आपण आतून विचारतो, "कोण आहे?" बाहेरून उत्तर येते, "मी!" आता या "मी"चा काय उपयोग? आवाज ओळखीचा असेल तर ठीक. नाही तर कंदील घेऊन दारापर्यंत जावे लागते, कडी काढावी लागते आणि उजेड समोरच्याच्या तोंडावर धरावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर ज्योतिर्विदांच्या दारावर अशी थाप पडत होती. आकाशातून कोणीतरी "मी, मी" म्हणत होते. आवाज तर असा खणखणीत, की सूर्य सोडला तर त्याच्या तोडीचे सबंध आकाशात एखाददुसरेच. पण कंदील धरून पाहावे, तर त्या जागी कोणीच दिसत नव्हते!

मी शाळामास्तर आहे आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. ज्योतिषशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु या आवाजाचा धनी कसा सापडला आणि सापडल्यावरही त्याची ओळख कशी चुकली, ही हकीकत मी वाचली तेव्हापासून ती कोणाला तरी सांगावी असे मला फार दिवस वाटत होते. दिवाळीत चार माणसे एकत्र बसलेली असतात, फराळाचे ताट पुढे असते. तेव्हा सांगूनच टाकतो.

या गोष्टीचा आरंभ अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतातील होल्मडेल गावी, एका शेतात होतो. बेल टेलिफोन कंपनीला समुद्रापलीकडे बिनतारी दूरध्वनी पोहोचवावयाचे होते आणि त्यात खरखर फार येत असे. ती कोठून येते ते शोधण्याचे काम कार्ल जान्स्की या तरुण इंजिनिअरवर सोपविले गेले. त्याने फोर्ड मोटारीच्या चाकांवर गरागरा फिरणारा एक लांबलचक सांगाडा उभारला. जवळची वादळे कळली, दूरची वादळे कळली; पण एक बारीक खरखर उरलीच. ती रोज येई, परंतु दररोज चार मिनिटे आधी. पंचांग पाहणाऱ्याला यातले मर्म लगेच कळेल. तारे दररोज चार मिनिटे आधी उगवतात, सूर्य नव्हे. म्हणजे ही खरखर ताऱ्यांच्या घड्याळाने चालत होती! 1933 साली जान्स्कीने जाहीर केले, की ती आपल्या आकाशगंगेतून, धनु राशीच्या बाजूने येत आहे. वर्तमानपत्रांत गवगवा झाला आणि दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या कामाला लागले. बिचारा जान्स्की 1950 साली, वयाच्या अवघ्या 44 व्या वर्षी वारला. त्याने उघडलेल्या दारातून पुढे केवढी वरात गेली, ते पाहावयास तो राहिला नाही.

त्याच्यामागून या वाटेने जाणारा जवळजवळ एकच मनुष्य निघाला. ग्रोट रेबर त्याचे नाव. इलिनॉय प्रांतातल्या व्हीटन गावी राहत्या घराच्या परसात त्याने 1937 साली स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हाताने 31 फूट व्यासाची पत्र्याची परात उभी केली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याने रात्रीमागून रात्री जागून रेडिओलहरींच्या आकाशाचा नकाशा काढला. त्यात धनु राशीखेरीज आणखी एक ठिकाण उठून दिसत होते: हंस तारकासमूहात. पुढे महायुद्ध संपता संपता इंग्लंडात लष्करी रडारवर काम केलेल्या हे आणि त्याच्या सहकाऱ्यांना 1946 साली असे आढळले, की हंसातला हा आवाज भराभर कमीजास्त होतो. त्यावरून त्यांनी तर्क बांधला, की तो विस्तीर्ण पसरलेल्या मेघातून येत नसून एखाद्या लहानशा जागेतून येत असला पाहिजे. (हे कमीजास्त होणे प्रत्यक्षात आपल्याच वातावरणाच्या वरच्या थराचे लुकलुकणे होते, हे मागाहून कळले, परंतु जागा लहान आहे हा तर्क मात्र बरोबर ठरला.)

लहान म्हणजे किती लहान? आणि नेमकी कोठे? गाडे येथे अडले. याचे कारण अगदी साधे आहे. प्रकाशाची लहर केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक, म्हणून आपल्या बुबुळातल्या चिमुकल्या भोकातून आपल्याला दोन तारे वेगळे दिसतात. रेडिओची लहर हातभर, काठीभर लांब. तिच्या साहाय्याने डोळ्याइतके स्पष्ट पाहावयाचे तर मैल मैल रुंदीची दुर्बीण हवी. ती कोण बांधणार? मग सिडनीजवळच्या डोव्हर हाइट्सच्या कड्यावर जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅन्ली आणि ब्रूस स्ली या तिघांनी एक युक्ती काढली. खाली समुद्र, वर कडा, कड्यावर अँटेना. क्षितिजावर उगवणाऱ्या उगमाची लहर एकदा सरळ येते आणि एकदा समुद्राच्या पाण्यावर आपटून येते. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून आवाज चढतो-उतरतो आणि त्या चढउतारावरून उगमाची रुंदी काढता येते. समुद्राचाच आरसा! 1947 साली त्यांनी दाखवून दिले, की हंसातला उगम चंद्रबिंबाच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान आहे. 1949 साली याच मंडळींनी आणखी तीन उगमांना चेहरे दिले. वृषभातला आवाज खेकड्याच्या आकाराच्या तेजोमेघाचा, कन्येतला एम 87 या गोलसर दीर्घिकेचा आणि नरतुरंगातला एन. जी. सी. 5128 या दीर्घिकेचा. पण गंमत पाहा. इतक्या दूरच्या दीर्घिकेतून एवढा मोठा आवाज येईल हे त्यांच्याही लेखणीतून उतरेना. आपल्या निबंधाच्या मथळ्यात त्यांनी तिन्ही उगमांना आपल्या आकाशगंगेतलेच ठरवून टाकले.

आणि हंस? तिथे अजूनही अंधारच होता. सिडनीच्याच बर्नार्ड मिल्सने एका अंधूक दीर्घिकेकडे बोट दाखविले आणि कॅलिफोर्नियाला पत्र घालून मत विचारले. उत्तर नकारार्थी आले. त्या भागात अशा अंधूक दीर्घिका पुष्कळ आहेत. त्यांतल्या अमुक एकीवरच आळ घेणे बरे नव्हे, असा त्या उत्तराचा आशय होता. उत्तर देणाऱ्याचे नाव रुडॉल्फ मिन्कोव्स्की. हे नाव ध्यानात ठेवावे.

नळ-दमयंतीचे आख्यान आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. हंसाने नळाचे वर्णन केले म्हणून दमयंतीचे मन त्याच्यावर जडले. पण स्वयंवराच्या मंडपात आली तो पाहते, पाच नळ! तेव्हा कोणाला घाम येतो, कोणाची सावली पडते, कोणाच्या पापण्या लवतात, अशा खुणा पाहून तिने खरा नळ ओळखला. हंस तारकासमूहातला हा प्रकार हुबेहूब तसाच होता. संशयित जागेत ठिपके अनेक, सारे सारखे. मंडप आधी लहान करावयास हवा होता आणि मग खूण पाहावयास हवी होती.

मंडप लहान करण्याचे काम केंब्रिजच्या ग्रॅहॅम स्मिथने केले. मार्टिन राइलच्या हाताखाली काम करणाऱ्या या तरुणाने युद्धात जर्मनांकडून हाती लागलेल्या वुर्झबुर्ग रडारच्या दोन पराती दूर अंतरावर बसविल्या आणि 1951 साली हंसातल्या उगमाचे स्थान सुमारे एका कलेपर्यंत, म्हणजे चंद्रबिंबाच्या तिसाव्या हिश्श्यापर्यंत, नक्की केले. एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. गुरू राइल यांचे ठाम मत होते, की हे सारे उगम म्हणजे आपल्याच आकाशगंगेतले "रेडिओ-तारे" आहेत. त्याच वर्षी लंडनच्या एका सभेत टॉमस गोल्डने ते आकाशगंगेबाहेरचे असू शकतील असे म्हटले, तेव्हा राइल त्याच्यावर चांगलेच तुटून पडले होते. आणि त्यांच्याच शिष्याने काढलेले आकडे विमानाच्या टपालाने कॅलिफोर्नियाला निघाले, ते गुरूचे मत मोडण्यासाठी!

ते पत्र ज्यांच्या हाती पडले ते वॉल्टर बाडे. कादंबरीकाराला मोह पडावा असा हा मनुष्य. जर्मनीत जन्मलेले, 1931 साली अमेरिकेत आलेले, पायाने किंचित लंगडणारे, बोलण्यात मोठे रसाळ. महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांच्या नागरिकत्वाचे कागद पुरे झालेले नव्हते, म्हणून सरकारदप्तरी ते "शत्रुराष्ट्राचे नागरिक" ठरले. इतर शास्त्रज्ञ युद्धकार्यावर गेले. यांना ते काम कोण देणार? ते राहिले माउंट विल्सनच्या दुर्बिणीपाशी. आणि नशीब असे, की विमानहल्ल्याच्या भीतीने खालच्या लॉस एंजेलिस शहराचे दिवे मालविले गेले आणि आकाश काळेभोर झाले. त्या अंधारात बाडेंनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे करून दाखविले. 1944 साली ताऱ्यांच्या तरुण आणि वृद्ध अशा दोन जाती जगापुढे आल्या, त्या या शत्रुराष्ट्राच्या नागरिकामुळे.

मिन्कोव्स्की त्यांचे हांबुर्गपासूनचे मित्र. थोर गणिती हेर्मान मिन्कोव्स्की यांचे हे पुतणे. ज्यू वंशाचे म्हणून नाझी राजवटीत त्यांचे स्थान गेले आणि 1935 साली ते अमेरिकेत आले. त्यांना तिथे आणण्यात बाडेंचा हात होता. दोघांनी मिळून पुष्कळ काम केले, पण स्वभाव अगदी भिन्न. बाडे चित्र पाहणारे, मिन्कोव्स्की वर्णपट पाहणारे. चित्र पाहणाऱ्याची कल्पना लवकर धावते. वर्णपट पाहणारा मात्र रेषा दिसल्याखेरीज उठत नाही.

1951 च्या सप्टेंबरात बाडेंनी पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीने स्मिथच्या जागेची छायाचित्रे घेतली. काच धुऊन पाहतात तो काय, 200 च्या वर दीर्घिकांचा समूह पसरलेला, आणि मध्यभागी सर्वांत तेजस्वी अशी एक चमत्कारिक आकृती. तिला दोन गाभे होते, एकमेकांना लगटलेले, ओढाताणीने विस्कटल्यासारखे दिसणारे. असे काही त्यांनी आजवर पाहिले नव्हते. संध्याकाळी जेवायला घरी जाताना हा विचार डोक्यात इतका घुमू लागला, की मोटार वाटेत थांबवून विचार करीत बसावे लागले, असे पुढे त्यांनीच सांगितले.

आणि उत्तर सुचले: टक्कर! दोन दीर्घिका एकमेकींवर आदळत आहेत!

हे उत्तर त्यांना इतक्या चटकन का सुचले? कारण ते आधीच घडवून ठेवलेले होते. त्याच वर्षी बाडेंनी लायमन स्पिट्झर यांच्याबरोबर दीर्घिकांच्या टकरीवरच एक निबंध प्रसिद्ध केला होता. तारे एकमेकांपासून इतके दूर असतात की दोन दीर्घिका आरपार निघून गेल्या तरी ताऱ्याला तारा आपटत नाही. आदळतो तो ताऱ्यांमधला वायू, असे त्यात मांडले होते. डोक्यात साचा तयार असला की हाती येणारी वस्तू त्यातच जाऊन बसते. वैद्याला रोज हिवतापाचे रोगी पाहून प्रत्येक शिंकेत हिवताप दिसावा, तसे काहीसे. मी बाडेंना दोष देत नाही. समोर दोन गाभे दिसत असताना याहून सरळ उत्तर कोणते होते?

पुढे एका चर्चासभेत त्यांनी हे मत मांडले. मिन्कोव्स्की पटवून घेईनात. तेव्हा बाडे चिडून म्हणाले, हजार डॉलरची पैज लावतो! मिन्कोव्स्कींनी नुकतेच घर विकत घेतले होते. हजार डॉलर कोठून आणणार? मग पेटीभर व्हिस्कीवर बोलणे आले, तेही जमेना. अखेर एका बाटलीवर सौदा तुटला. पुरावा कशाला मानावयाचा हेही ठरले. वर्णपटात तापलेल्या वायूच्या तेजस्वी रेषा दिसल्या तर बाडे जिंकले.

या रेषांचे मर्म सांगण्यास दिवाळीसारखा मुहूर्त नाही. मुले रंगीत काडी पेटवितात, तेव्हा हिरवा रंग बेरियमच्या क्षाराचा असतो आणि लाल रंग स्ट्राँशियमचा. प्रत्येक मूलद्रव्याला आपापले ठरीव रंग असतात. लोलकातून पाहिले तर ते तेजस्वी रेषांच्या रूपाने वेगळे दिसतात. साध्या दीर्घिकेचा उजेड म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांचा उजेड. त्यात रंगांचा अखंड पट्टा आणि त्यावर काळ्या रेषा दिसतात. दीर्घिकेच्या पट्ट्यावर ठळक तेजस्वी रेषा दिसल्या, तर तेथे विरळ वायू कशाने तरी भयंकर चेतविला गेला आहे असे समजावे. दमयंतीला हवी होती ती खूण हीच.

मिन्कोव्स्कींनी वर्णपट घेतला आणि पाहतात तो रेषाच रेषा! प्राणवायूच्या, नत्रवायूच्या, निऑनच्या. निऑनचे चार चार इलेक्ट्रॉन उपटून निघालेले. शिवाय साऱ्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या. त्या सरकण्यावरून, म्हणजे ताम्रसृतीवरून, कळले की ही दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला सुमारे 17,000 किलोमीटर वेगाने दूर जात आहे. तेव्हाच्या हिशोबाने अंतर आले सुमारे 10 कोटी प्रकाशवर्षे. आजच्या सुधारलेल्या मापाने ते सुमारे 75 कोटी आहे. एवढ्या अंतरावरून येणारा आवाज आपल्या अंगणातल्या आवाजांच्या तोडीचा असेल, तर मुळात तो केवढा असला पाहिजे? आपल्या सबंध आकाशगंगेच्या लाखो पट! राइल यांनीही मग आपला आग्रह सोडला. रेडिओने विश्वाच्या अगदी टोकापर्यंत ऐकता येईल हे त्या दिवशी सिद्ध झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

मिन्कोव्स्की बाडेंच्या खोलीत गेले आणि विचारू लागले, "कोणत्या छापाची आणू?" पैज फेडली गेली. परंतु बाडेंची तक्रार अशी, की बाटली म्हणून जी आली ती खिशात मावणारी चपटी कुपी होती आणि दोन दिवसांनी मिन्कोव्स्कीच आले आणि ती रिकामी करून गेले. सांगणारे बाडे असल्यामुळे या हकीकतीला थोडी फोडणी मिळालेली असणार. मात्र दोघांच्या नावाने 1954 साली जो निबंध छापला गेला त्यात व्हिस्की नाही. हंसातला हा उगम म्हणजे टकरलेल्या दीर्घिका, असा निर्णय आहे. एन. जी. सी. 5128 लाही त्यांनी त्याच सदरात घातले. जगभरच्या पुस्तकांत ही चित्रे झळकली.

आता या कथेचे खरे वळण येते. पैज बाडेंनी जिंकली, आणि टक्कर झालेलीच नव्हती!

पहिला धक्का रेडिओवाल्यांनीच दिला आणि त्यात एक भारतीय होता, हे मला आवर्जून सांगावयाचे आहे. मँचेस्टरजवळच्या जॉड्रेल बँक येथे रॉजर जेनिसन आणि कलकत्त्याहून गेलेले मृणाल कुमार दासगुप्ता या दोघा विद्यार्थ्यांनी नव्या पद्धतीचे यंत्र जुळविले आणि 1953 साली दाखवून दिले, की हंसातला आवाज त्या दीर्घिकेतून येतच नाही. तो तिच्या दोन बाजूंना, पुष्कळ दूर असलेल्या दोन ढगांमधून येतो. दीर्घिका मध्ये, आणि डावीउजवीकडे एकेक ढग. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. टक्कर घराच्या ओटीवर आणि आवाज गावच्या दोन वेशींतून, हे कसे काय? त्या काळी फार थोड्यांनी हा प्रश्न मनावर घेतला. जोडीतल्या ठिपक्यांचे चित्र इतके मोहक होते, की समोरचा अडथळाही लोकांना दिसेना.

दुसरा धक्का हिशोबाचा. जेफ्री बर्बिज यांनी 1950 नंतरच्या दशकात असे गणित मांडले, की या ढगांत कमीत कमी किती ऊर्जा साठलेली असली पाहिजे. उत्तर असे आले, की लक्षावधी सूर्य सगळेच्या सगळे ऊर्जेत विरघळवून टाकावेत तेव्हा कोठे ती भरून निघेल. टकरीच्या तिजोरीत एवढे धन नव्हते.

तिसरी गोष्ट खुद्द चेहऱ्यांची, आणि मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. जसजसे अधिकाधिक आवाजांचे धनी सापडू लागले, तसतसे लक्षात येऊ लागले, की हे सारे एकाच घराण्यातले आहेत. टॉमस मॅथ्यूज, विल्यम मॉर्गन आणि मार्टिन श्मिट यांनी 1964 साली त्यांची जणू वंशावळच मांडली. आपल्या आकाशगंगेसारख्या भोवऱ्याच्या आकाराच्या, निळसर तरुण ताऱ्यांनी नटलेल्या दीर्घिका यांत जवळजवळ नाहीतच. आहेत त्या लंबगोल, अवाढव्य, वृद्ध तांबूस ताऱ्यांनी भरलेल्या. पुष्कळदा दीर्घिकांच्या समूहात मध्यभागी बसलेल्या, आणि काहींच्या भोवती तर अंधूक उजेडाचा प्रचंड घोळदार अंगरखा. गावच्या पाटलाने पारावर बसावे तशा! टक्कर ही रस्त्यावरची गोष्ट. ती कोणाचीही कोणाशीही व्हावी. मग आवाज फक्त पाटलांच्याच वाड्यातून का यावा? कारण बाहेरच्या अपघातात नसून वाड्याच्या आत, अगदी माजघरात आहे, हे या चेहऱ्यांनीच सुचविले.

माजघराची एक फट तर केव्हाची उघडी होती. 1918 साली लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी एम 87 चे छायाचित्र घेतले, तेव्हा तिच्या गाभ्यातून एक सरळ बारीक किरण बाहेर आलेला त्यांना दिसला. त्यांनी एका ओळीत नोंद केली आणि ते पुढे गेले. 1956 साली बाडेंनीच त्या किरणाचा उजेड ध्रुवीभूत आहे असे दाखविले. म्हणजे तो ताऱ्यांचा उजेड नव्हे, चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा आहे. ज्यांनी टकरीचे चित्र रंगविले त्यांच्याच हातून तिला उत्तर देणारा पुरावा पुढे आला! पण बाडे 1960 साली वारले आणि या धाग्याचे दुसरे टोक त्यांना पाहावयास मिळाले नाही.

त्याच साली मिन्कोव्स्की निवृत्त झाले. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वेधांत त्यांनी 3सी 295 नावाच्या रेडिओ-उगमाच्या जागी असलेल्या एका अतिअंधूक दीर्घिकेचा वर्णपट घेतला. रेषा मिळाली एकच, प्राणवायूची. प्रयोगशाळेत ती 3727 अँगस्ट्रॉमवर, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडे पडते. येथे ती सरकून 5447 वर, हिरव्या रंगात येऊन बसली होती. त्या दीर्घिकेकडून निघालेला उजेड आपल्यापर्यंत येण्यास सुमारे 480 कोटी वर्षे लागली. तो निघाला तेव्हा आपली पृथ्वीही जन्मलेली नव्हती! पुढे कित्येक वर्षे याहून दूरची दीर्घिका कोणाला मोजता आली नाही. एका रेषेवर विसंबून एवढा दावा करणारा मनुष्य तोच, ज्याने मिल्सला नकार कळविला होता. पण या वेळी त्याच्याजवळ रेषा होती.

पुढच्या गोष्टी सर्वांच्या कानावर आहेत, म्हणून धावत सांगतो. 1963 साली श्मिट यांनी 3सी 273 या "ताऱ्या"च्या रेषा वाचल्या आणि क्वेसार सापडले. 1969 साली डोनाल्ड लिंडन-बेल यांनी मांडले, की दीर्घिकांच्या गाभ्यात अजस्र कृष्णविवरे असावीत आणि त्यांत कोसळणारा वायू हाच या ऊर्जेचा झरा असावा. 10 एप्रिल 2019 रोजी एम 87 च्या गाभ्यातल्या कृष्णविवराच्या सावलीचे चित्र जगाने पाहिले. त्याचे वजन 650 कोटी सूर्यांइतके भरले. हंसातल्या दीर्घिकेतही सुमारे 250 कोटी सूर्यांच्या वजनाचे विवर आहे. त्याच्या दोन्ही ध्रुवांकडून निघणारे झोत बाहेरच्या वायूवर जाऊन आपटतात आणि दासगुप्तांचे ते दोन ढग पेटते ठेवतात. मिन्कोव्स्कींच्या रेषाही त्याच गाभ्याच्या प्रखर किरणांनी चेतविलेल्या वायूच्या होत्या.

आणि ते दोन गाभे? ती एकच दीर्घिका. तिच्या पोटावरून धुळीचा काळा पट्टा गेला आहे, म्हणून ती दोन भागांत विभागलेली दिसते. साक्ष खरी होती, साक्षीदार सच्चा होता, फक्त निवाडा चुकला. रेषा दिसल्या तर टक्कर, हे दोघा मित्रांनी आपसात ठरविले होते. आकाशाने त्या करारावर सही केलेली नव्हती.

परंतु बाडेंना अगदीच मोडीत काढू नये. एन. जी. सी. 5128 च्या मधोमध जो धुळीचा रुंद पट्टा दिसतो, तो तिने गिळलेल्या एका लहान दीर्घिकेचा अवशेष आहे, असे आज मानले जाते. हंसातल्या दीर्घिकेच्या गाभ्याजवळही 2003 साली हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीने एक लहानसा दुसरा ठिपका टिपला. तोही बहुधा अशाच गिळलेल्या पाहुण्याचा. म्हणजे दोन तुल्यबळांची झुंज नव्हे, तर मोठ्याने लहानाला पोटात घालणे. आणि त्या घासातला वायू गाभ्यातल्या विवराच्या तोंडी पडत असेल, तर टकरीचा या आवाजाशी संबंध नाही असेही म्हणता येणार नाही. बाडे हे ऐकते, तर आणखी एका बाटलीची मागणी त्यांनी केली असती!

या शोधाची एक वाट आपल्या दारावरूनही गेली आहे. गोविंद स्वरूप ऑस्ट्रेलिया-अमेरिकेहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1963 साली आले आणि सिडनीहून भेट मिळालेल्या सहा सहा फुटी 32 पराती 1965 साली आपल्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. लोकलच्या गर्दीत लोंबकळणाऱ्या किती जणांना हे ठाऊक होते कोण जाणे. 1970 साली उटीच्या डोंगरउतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण तयार झाली. चंद्र रेडिओ-उगमापुढून जाताना आवाज कोणत्या क्षणी बंद पडतो ते मोजून उगमाची जागा आणि रुंदी ठरवावयाची, ही तिची मुख्य युक्ती. आणि मग जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळच्या खोडद येथे, 45 मीटर व्यासाच्या 30 परातींची मीटरलहरींची महादुर्बीण आली. द्राक्षांच्या आणि कांद्यांच्या शेतांपलीकडे त्या तारांच्या जाळ्यांच्या पराती आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. गोविंद स्वरूप 2020 साली निवर्तले. पराती ऐकतच आहेत.

खोडदच्या याच दुर्बिणीने सगळ्या आकाशाच्या मोठ्या भागाची पाहणी केली, तेव्हा तीत एक बारीक, दबलेला आवाज सापडला होता. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आयुष सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो निवडून काढला. छायाचित्रांत त्या जागी काहीच दिसत नव्हते. पुन्हा तोच दारावरचा "मी"! मग हवाई बेटावरची जेमिनी दुर्बीण तिकडे वळविली गेली. 2018 साली निकाल जाहीर झाला, की तोवर ठाऊक असलेल्या रेडिओ-दीर्घिकांत ही सर्वांत दूरची आहे आणि तिचा उजेड 1,200 कोटींहून अधिक वर्षे चालून आला आहे. पुरावा म्हणून वर्णपटात रेषा मिळाली एकच, ती हायड्रोजनची मानली गेली. मुळात ती 1216 अँगस्ट्रॉमवर, दूर जांभळ्यापलीकडे असते. ती सरकत सरकत तांबड्याच्याही कडेपलीकडे, 8170 च्या आसपास येऊन थांबली होती.